टायमर चालू केला की मशीन रीस्टार्ट व्हायलंय! : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमधे एकाच जातीचे प्रश्न जास्त निघाले. थ्रेड (प्रोग्रॅममधलं स्वतंत्र चालणारं काम) अडकणं, शेड्युलरचा (कुणी कधी चालायचं ते ठरवणाऱ्या कोडचा) गोंधळ, मशीन मधेच पडणं, आणि हे सगळं नांदेड, जालना, लातूर, संभाजीनगर, परभणी, बीड सगळीकडून. मनापासून सांगतो, लई आनंद झाला, कारण ही मंडळी नुसती मोबाइल वापरणारी नाहीत, ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात हात घालणारी आहेत. सगळ्या उत्तरांत एक गोष्ट परत परत येईल ती आधीच सांगतो. मशीन जिथं पडलं तिथंच चूक असते असं नाही, बहुतेक वेळा चूक आधी कधीतरी होऊन गेलेली असते आणि पडतं ते नंतर, भलत्याच ओळीवर. म्हणून अंदाजानं कोड बदलत बसू नका, आधी पडल्या जागेचा नीट पंचनामा करा.

प्रश्न : सर, मी थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे. स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायलेय, ६४ बिट, सी आणि असेंब्लीत, क्यूएमूवर (कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवते. दोन थ्रेड आहेत, एक स्क्रीनवर ए छापतो, दुसरा बी. थ्रेडनी स्वतःहून यील्ड केलं, म्हणजे सीपीयू दुसऱ्याला सोडला, तर कितीही वेळ नीट चालतंय. पण टायमर इंटरप्टमधून (ठराविक वेळानं सीपीयूला मधेच थांबवणाऱ्या हाकेतून) थ्रेड बदलायला लागलं की थोड्या वेळात क्यूएमू आपोआप रीस्टार्ट व्हायलंय, परत बूट, परत रीस्टार्ट. एरर कसलीच दिसत नाही. सगळे म्हणतात सोड हे. काय करू? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : अजिबात सोडू नकोस. यील्डनं चालतं आणि टायमरनं पडतं हे तू एकापाठोपाठ लिहिलंस ना, त्यातच अर्धं उत्तर आहे. पण त्याच्या आधी रीस्टार्टचं बघू.

याला ट्रिपल फॉल्ट म्हणतात. सीपीयूला एखादं एक्सेप्शन (चालताना आलेली अडचण) आलं, समजा पेज फॉल्ट, तर तो आयडीटीच्या टेबलात हँडलर, म्हणजे ते हाताळणारा कोड, शोधतो आणि स्टॅकवर (थ्रेडच्या तात्पुरत्या माहितीच्या मेमरीवर) माहिती ढकलून तिकडं उडी मारतो. टेबलातली नोंद चुकीची असली किंवा स्टॅकच बिघडलेला असला तर डबल फॉल्ट येतो, तोही हाताळता आला नाही की सीपीयू सरळ रीसेट होतो. म्हणून तुला मेसेज दिसत नाही, मेसेज छापणारा कोड चालायची वेळच येत नाही.

तर पहिलं काम म्हणजे रीसेट थांबवणं. क्यूएमू चालवताना नो-रीबूट आणि नो-शटडाउन हे दोन ऑप्शन दे, म्हणजे पडल्यावर तो तिथंच थांबून राहील. सोबत मायनस डी ऑप्शनला इंट आणि सीपीयू-रीसेट दे आणि लॉग फाइलमधे घे. केव्हीएम (नक्कल न करता थेट खऱ्या सीपीयूवर चालवायची सोय) चालू असलं तर बंद कर, त्यात हा लॉग मिळत नाही. आता फाइल उघडून खालून वर ये. सगळ्यात खाली ट्रिपल फॉल्ट, त्याच्यावर ०८ म्हणजे डबल फॉल्ट, आणि त्याच्याही वर जे एक्सेप्शन आहे ते मूळ, आपल्याला तेच पाहिजे. प्रत्येक नोंदीत व्ही म्हणजे व्हेक्टर नंबर हेक्समधे असतो, ०ई म्हणजे १४, पेज फॉल्ट, ०डी म्हणजे १३, जनरल प्रोटेक्शन, ०६ म्हणजे इनव्हॅलिड ऑपकोड. त्याच ओळीत आयपी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) आणि एसपी (स्टॅक पॉइंटर) असतात, आणि पेज फॉल्ट असला तर सीआर२ मधे कुठल्या पत्त्याला हात लावला ते मिळतं. आयपी घे आणि तुझ्या कर्नलच्या फाइलवर ॲडर-टू-लाइन चालव, डीबग माहिती ठेवून कंपाइल केलं असलं तर सीमधली ओळ नंबरासकट समोर येते.

एक फसवणारी गोष्ट आहे. नुसतंच ०८ दिसलं आणि त्याच्या आधी कुठलंच एक्सेप्शन नसलं तर तो डबल फॉल्ट नसेलच. इंटरप्ट सीपीयूकडं पोहोचवणाऱ्या जुन्या पीआयसी चिपचं बायोसनं लावून ठेवलेलं मॅपिंग असं असतं की टायमरचा इंटरप्ट ८ नंबरवरच येतो, म्हणून तो ३२ च्या पुढं सरकवावा लागतो. लॉगमधे त्या जागी हार्डवेअर इंटरप्ट असं लिहिलेलं दिसेल, त्यावरून ओळख.

आता मुख्य मुद्दा. यील्ड हे सीच्या नजरेतून एक साधं फंक्शन आहे. फंक्शन कॉलच्या आधी कंपायलर आपले कामाचे काही रजिस्टर (सीपीयूच्या आतले छोटे कप्पे) स्वतःच सांभाळून ठेवतो, आणि बाकीचे फंक्शननं जसेच्या तसे परत करायचे असा करार असतो. ६४ बिट लिनक्सच्या धर्तीच्या एबीआयमधे (फंक्शन बोलवायच्या नियमांत) ते म्हणजे आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५, सोबत स्टॅक पॉइंटर. तू यील्डमधे एवढे सेव्ह केले असशील आणि ते बरोबरच आहे. पण टायमर काही विचारून येत नाही ना, तो कुठल्याही दोन इन्स्ट्रक्शनच्या मधे येतो, आणि त्या क्षणी आरएएक्स, आरसीएक्स, आर१० कशातही अर्धवट हिशोब असू शकतो. कंपायलरला पत्ताच नाही की इथं कुणी मधे घुसणार आहे. म्हणून इंटरप्टच्या असेंब्ली स्टबमधे स्टॅक पॉइंटर सोडून सगळे म्हणजे पंधराच्या पंधरा जनरल रजिस्टर ढकलायचे, मग सीमधे जायचं, आणि परत येताना उलट्या क्रमानं काढून आयरेटक्यू (इंटरप्टमधून परतायची इन्स्ट्रक्शन) करायचं. यातला एक जरी राहिला तर थ्रेड लगेच पडत नाही, भलताच आकडा घेऊन पुढं चालत राहतो आणि शंभर ओळी पुढं जाऊन पडतो. तुझं थोड्या वेळात पडणं हे मला तरी असंच वाटतंय.

दुसरा संशयित रेड झोन. या एबीआयमधे कंपायलरला स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट न सांगता वापरायची मुभा आहे. युजर प्रोग्रॅमला त्याचं काही होत नाही, पण कर्नल कोड चालू असताना इंटरप्ट आला की सीपीयू त्याच जागेवर आपली माहिती लिहितो आणि लोकल व्हेरिएबल पुसले जातात. कर्नल कंपाइल करताना नो-रेड-झोन हा फ्लॅग लागतोच लागतो. त्यासोबत जनरल-रेग्स-ओन्ली पण दे, म्हणजे कंपायलर कर्नलमधे एसएसईचे रजिस्टर वापरणार नाही आणि थ्रेड बदलताना ते सांभाळायची कटकट सध्या तरी वाचेल.

लॉगमधे व्ही=०डी आलं, आयपी तुझ्या छापायच्या फंक्शनमधे निघाला, आणि ऑब्जडंपमधे (कर्नलची असेंब्ली दाखवणाऱ्या साधनात) त्या पत्त्यावर मूव्हॅप्स इन्स्ट्रक्शन (हिला १६ च्या पटीतलाच पत्ता चालतो) स्टॅकवर लिहिताना दिसली, तर एसपीचा शेवटचा हेक्स आकडा बघ. तिथं ० पाहिजे. ८ असला तर नव्या थ्रेडचा स्टॅक तू आठ बाइटनं चुकीचा लावलायस. फंक्शनमधे शिरताना एसपी अधिक ८ ही बेरीज १६ च्या पटीत असली पाहिजे, कारण कॉल इन्स्ट्रक्शननं रिटर्न ॲड्रेस ढकललाय असं कंपायलर धरून चालतो आणि तू तर रेटनं उडी मारून आत शिरतेस. चूक स्टॅक बनवताना झाली, पडलं मात्र छापताना. इथं छापायच्या फंक्शनमधे कितीही डोकं घातलं असतं तरी काही सापडलं नसतं.

आणखी तीन गोष्टी तपासून घे. टायमरच्या हँडलरनं पीआयसीला काम झाल्याचं सांगायचं असतं, पोर्ट हेक्स २० ला हेक्स २० लिहून, आणि ते थ्रेड बदलायच्या आधी. नंतर लिहायला ठेवलंस तर नवा थ्रेड पहिल्यांदा चालू होताना ती ओळ येतच नाही आणि टायमर कायमचा गप्प होतो. दुसरं, नवा थ्रेड इंटरप्ट बंद असलेल्या अवस्थेत जन्माला येतो, त्याच्या सुरुवातीच्या छोट्या फंक्शनमधे ते चालू करावे लागतात, शेड्युलरचं लॉक धरलेलं असलं तर तेही तिथंच सोडायचं. तिसरं, थ्रेडचं फंक्शन संपलं तर रिटर्न कुठं होणार? स्टॅकच्या टोकाला थ्रेड-एक्झिटचा पत्ता ठेव, नाहीतर आयपी=० असलेला पेज फॉल्ट एक दिवस येणारच. आणि प्रत्येक स्टॅकच्या खाली एक पान मॅप न करता मोकळं ठेव, डबल फॉल्टला आयएसटीमधून (सीपीयूच्या राखीव स्टॅकच्या यादीतून) वेगळा स्टॅक दे, म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो झाला तरी हँडलर चालेल आणि काय झालं ते छापेल.

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमची मोसंबीची बाग आहे. मी डिप्लोमा केलाय, ईएसपी३२ वर (वायफाय असलेल्या छोट्या चिपवर) ठिबकचा कंट्रोलर बनवलाय. तीन टास्क आहेत, एक ओलावा मोजतो, एक रिलेवरून व्हॉल्व्ह आणि मोटारीचा स्टार्टर चालवतो, एक वायफायवरून मोबाइलला माहिती पाठवतो. घरी टेबलावर झकास चालतं. शेतात रात्रीची लाइट आली नि मोटार सुरू झाली की कधी बोर्ड रीसेट होतो, कधी गुरु मेडिटेशन एरर येते, कधी वॉचडॉगचं (काम अडकलं की ओरडणाऱ्या टायमरचं) काहीतरी येतं. टास्कच्या प्रायॉरिटी बदलून बदलून थकलो. (एक शेतकरी, जालना जिल्हा)

उत्तर : भाऊ, प्रायॉरिटी बदलणं आधी थांबवा. तुम्ही सांगितलेले हे तीन वेगवेगळे आजार दिसतायत आणि एका औषधानं तिन्ही जाणार नाहीत.

बोर्ड सुरू झाल्या झाल्या ईएसपी-रीसेट-रीझन हे फंक्शन बोलवा आणि मिळालेला आकडा फ्लॅशमधे, एनव्हीएसमधे, लिहून ठेवा, वेळेसकट. ब्राउनआउट (व्होल्टेज पडणं), पॅनिक, टास्क वॉचडॉग, इंटरप्ट वॉचडॉग, साधं पॉवर ऑन, सगळं वेगवेगळं कळतं. रात्री शेतात लॅपटॉप घेऊन बसायची गरज नाही, सकाळी यादी वाचा. मोटार सुरू होण्याच्या वेळेला सगळे ब्राउनआउट निघाले तर तुमचा शेड्युलर निर्दोष आहे. वायफाय पाठवताना हा चिप झटक्यात बराच करंट ओढतो, निदान ५०० मिलिअँपिअर देणारा सप्लाय धरा असं त्याच्या डिझाइनच्या सूचनांतच असतं, आणि त्याच वेळी मोटारीनं व्होल्टेज खाली खेचलं की झालंच. सप्लाय चांगला घ्या, बोर्डाजवळ मोठा कपॅसिटर लावा. रिलेच्या डीसी कॉइलला उलटा डायोड आणि स्टार्टरच्या एसी कॉइलला आरसी स्नबर, हे दोन्ही पाहिजेत, कॉन्टॅक्टर सुटताना जो झटका येतो तो वायरीतून आत घुसतो आणि मग कुठलीही एरर येऊ शकते.

गुरु मेडिटेशन म्हणजे पॅनिक. (हे नाव जुन्या अमिगा कॉम्प्युटरवरून आलंय.) त्यात कारण लिहिलेलं असतं ते वाचा. लोड-प्रोहिबिटेड किंवा स्टोअर-प्रोहिबिटेड असलं आणि ईएक्ससी-व्हीॲड्र शून्याच्या आसपास असलं तर रिकामा पॉइंटर वापरलाय, बहुतेक वायफाय तुटल्यावर मिळालेलं उत्तर न तपासता पुढं गेलाय. पत्त्याच्या जागी ए५ए५ए५ए५ दिसलं तर लक्षात घ्या, फ्रीआरटीओएस (बोर्डावरची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) नव्या टास्कचा स्टॅक ए५ नं भरून ठेवतं, म्हणजे कुणीतरी न भरलेली जागा वाचलीय. स्टॅक कॅनरीचा (स्टॅक उतू गेल्याचा) मेसेज आला तर त्यात टास्कचं नावच येतं. खाली बॅकट्रेसचे जे पत्ते येतात ते तसेच सोडू नका, ज्या बिल्डमधून बोर्डावर टाकलं त्याच बिल्डच्या ईएलएफ फाइलवर ॲडर-टू-लाइन चालवा, नंतर परत कंपाइल केलेली फाइल चालत नाही, पत्ते सरकलेले असतात.

स्टॅकबद्दल एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. मूळ फ्रीआरटीओएसमधे टास्कच्या स्टॅकचा आकार वर्डमधे देतात, ईएसपी-आयडीएफमधे (ईएसपी३२ च्या सॉफ्टवेअर संचात) बाइटमधे. दुसऱ्या बोर्डाचं उदाहरण बघून ५१२ लिहिलं असलं तर तिकडं ते दोन हजाराच्या वर बाइट होते, इथं ५१२ च बाइट राहिले, आणि वायफाय किंवा प्रिंटएफ करणाऱ्या टास्कला ते कुठंच पुरत नाहीत. हाय-वॉटर-मार्कचं फंक्शन प्रत्येक टास्कमधून अधूनमधून छापा, आजवर कमीत कमी किती स्टॅक शिल्लक राहिला ते कळतं. वायफाय जोडणी तुटून परत जुळताना सगळ्यात जास्त लागतो म्हणून राउटर बंद-चालू करून बघा.

वॉचडॉगच्या मेसेजमधे आयडल टास्कचं (दुसरं काम नसताना चालणाऱ्या टास्कचं) नाव असलं तर तुमचा एखादा टास्क सीपीयू सोडतच नाही. डिफॉल्ट वेळ ५ सेकंद असते. ओलाव्याचा सेन्सर तयार होईपर्यंत रिकामा व्हाइल लूप फिरवताय का बघा, त्यात व्ही-टास्क-डिले टाका. फ्लो मीटरचा इंटरप्ट वापरत असाल तर त्यात छापू नका, म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) घेऊ नका, फक्त फ्रॉम-आयएसआर वाली फंक्शनं वापरून क्यूमधे टाका आणि बाहेर या.

आणि हे पाण्याचं काम आहे म्हणून कळकळीनं सांगतो. बोर्ड कसाही, कधीही पडला तरी मोटार बंद आणि व्हॉल्व्ह सुरक्षित बाजूला राहील अशीच वायरिंग करा. ईएसपी३२ च्या ०, २, ५, १२ आणि १५ नंबरच्या पिना बूट होताना वाचल्या जातात, त्यांच्यावर रिले लावू नका. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले आणि ड्राय रनचं संरक्षण सॉफ्टवेअरच्या भरवशावर काढून टाकू नका.

प्रश्न : सर पीथ्रेडचा (सीमधल्या थ्रेडच्या लायब्ररीचा) प्रोग्रॅम आहे, चार थ्रेड. कधी बरोबर उत्तर येतं, कधी सेगमेंटेशन फॉल्ट. आत प्रिंटएफ टाकलं की क्रॅश गायब होतो, काढलं की परत येतो. मित्र म्हणतो प्रिंटएफ तसंच राहू दे, सबमिट कर. (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : मित्राचं ऐकू नकोस. प्रिंटएफ आत स्वतःचं एक लॉक घेतं आणि ते तुलनेनं लई हळू असतं, त्यामुळं थ्रेड एकामागं एक रांगेत लागतात आणि ज्या नाजूक क्षणी दोघांची टक्कर व्हायची तो क्षण टळतो. चूक जागच्या जागी आहे, परीक्षकाच्या मशीनवर कोअर वेगळे, वेग वेगळा, तिथं ती बरोबर वर येईल. यूस्लीप टाकून दुरुस्त केलं म्हणणाऱ्यांचं पण हेच.

काउंटर प्लस प्लस ही एक ओळ दिसते पण मशीनला ती तीन कामं आहेत, मेमरीतून वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं. काउंटर ४१ असताना पहिल्या थ्रेडनं ४१ वाचला आणि शेड्युलरनं त्याला तिथंच थांबवलं, दुसऱ्यानं ४१ वाचून ४२ लिहिला, पहिला परत आला, त्याच्या रजिस्टरमधे अजून ४१ च, त्यानं पण ४२ लिहिला. एक वाढ गेली. आकड्याच्या जागी लिंक्ड लिस्टचा पॉइंटर असला तर त्याच कारणानं सेगमेंटेशन फॉल्ट.

जीसीसी किंवा क्लँगला एफ-सॅनिटाइझ बरोबर थ्रेड हा फ्लॅग देऊन कंपाइल कर. प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट हळू चालेल पण कुठल्या दोन ओळींनी एकाच जागेला लॉक न घेता हात लावला ते दोन्ही थ्रेडच्या स्टॅकसकट सांगेल. क्रॅश झालेल्या वेळचा कोअर डंप (त्या क्षणाच्या मेमरीची नोंद) पाहिजे असला तर आधी युलिमिट मायनस सी अनलिमिटेड, मग जीडीबीत (डीबगरमधे) थ्रेड अप्लाय ऑल बीटी, म्हणजे पडलेला थ्रेडच नाही तर त्या क्षणी बाकीचे तिघं काय करत होते तेही दिसतं, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार त्या तिघांतच असतो. मोझिलात तयार झालेलं आरआर नावाचं साधन पण शिकून घे, ते एकदा रेकॉर्ड केलेला क्रॅश हुबेहूब तसाच परत परत चालवून दाखवतं, मागं मागं सुद्धा जाता येतं. ते सगळे थ्रेड एकाच कोअरवर चालवतं म्हणून काही चुका लवकर येत नाहीत, त्यासाठी त्यात केऑस मोड आहे, त्यात शेड्युलिंग मुद्दाम वेडंवाकडं करतात.

दोन जागा आत्ताच उघडून बघ. पीथ्रेड-क्रिएटला लूपमधल्या आयचा पत्ता दिलायस का? चारही थ्रेडना एकच आय मिळतो आणि ते वाचेपर्यंत तो पुढं गेलेला असतो. आणि कंडिशन व्हेरिएबलवर (अट पूर्ण होईपर्यंत झोपायच्या सोयीवर) थांबताना इफ लिहिलंयस की व्हाइल? व्हाइलच पाहिजे, कारण जाग आली म्हणजे अट पूर्ण झालीच असं नसतं, आणि अट तपासणं नि झोपणं हे एकाच म्युटेक्सच्या आत पाहिजे, नाहीतर दोघांच्या मधल्या फटीत सिग्नल येऊन जातो आणि थ्रेड कायमचा झोपतो.

प्रश्न : आम्ही वाळूजला एका पॅकिंग मशीनचा कंट्रोलर करतोय, कॉर्टेक्स-एम (छोट्या कंट्रोलरचा प्रोसेसर) वर फ्रीआरटीओएस. कटरचा टास्क सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीचा आहे तरी आठवड्यातून एखाद्या वेळी उशीर होतो आणि वॉचडॉग रीसेट मारतो. सीपीयू तर निम्मापण वापरात नाही. हे कसं? (एक इंजिनिअर, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमच्यासारखंच दुखणं मंगळावर झालं होतं. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी हवामानाची माहिती गोळा करायला लागल्यावर त्याचा कॉम्प्युटर मधेच रीसेट व्हायला लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम होती. खालच्या प्रायॉरिटीचा हवामानाचा टास्क एक म्युटेक्स धरून बसायचा, वरच्या प्रायॉरिटीचा बस (यानातले भाग जोडणारी माहितीची वाट) सांभाळणारा टास्क त्याच म्युटेक्ससाठी थांबायचा, इथवर ठीक, पण तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचा कम्युनिकेशनचा टास्क जागा झाला की तो खालच्याला बाजूला सारून स्वतः चालायचा. त्याला त्या म्युटेक्सशी काही देणंघेणं नव्हतं, तरी त्याच्यामुळं वरचा टास्क अडकून राहायचा. बसचं काम वेळेत झालं नाही हे लक्षात आलं की सिस्टीम स्वतःला रीसेट करायची. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात.

जेपीएलच्या (नासाच्या प्रयोगशाळेच्या) इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या तशाच मशीनवर ट्रेस चालू ठेवून ते परत घडवून आणलं. इलाज आधीच माहीत होता, लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा सविस्तर पेपर १९९० साली छापला होता. म्युटेक्स धरणाऱ्या खालच्या टास्कला, त्याच्यासाठी थांबलेल्या वरच्याची प्रायॉरिटी तात्पुरती द्यायची, म्हणजे मधला घुसू शकत नाही. व्हीएक्सवर्क्समधे ती सोय होती, त्या म्युटेक्ससाठी चालू केलेली नव्हती. ती पृथ्वीवरून चालू केली आणि रीसेट थांबले. कोट्यवधी किलोमीटर लांबच्या मशीनचं डीबगिंग करता आलं ते ट्रेसची सोय यानातल्या सॉफ्टवेअरमधे राहू दिली होती म्हणून, फायनल बिल्ड करताना ट्रेस काढून टाकणाऱ्या प्रत्येक टीमनं हे वाचावं असं मला फार वाटतं.

तुमच्याकडं आता बघा. शेअर केलेल्या गोष्टीला, म्हणजे एसपीआय बस, डिस्प्ले, लॉगची फाइल, लॉक म्हणून बायनरी सेमाफोर वापरलाय का? फ्रीआरटीओएसच्या बायनरी सेमाफोरमधे इनहेरिटन्स नाही, म्युटेक्समधे आहे. दिसायला दोन्ही सारखेच, घ्यायचं नि सोडायचं फंक्शनही तेच, म्हणून लोक एकाच्या जागी दुसरा वापरतात. इंटरप्टमधून टास्कला जागं करायचं असलं तर सेमाफोर किंवा टास्क नोटिफिकेशन, आणि टास्काटास्कांत वाटून घ्यायचं असलं तर म्युटेक्स.

दुसरी शक्यता इंटरप्टच्या आकड्यांची. फ्रीआरटीओएसमधे टास्कचा आकडा मोठा तर प्रायॉरिटी मोठी, आणि कॉर्टेक्स-एमच्या इंटरप्टमधे बरोबर उलटं, आकडा लहान तर प्रायॉरिटी मोठी. कॉन्फिगमधल्या मॅक्स-सिसकॉल-इंटरप्ट-प्रायॉरिटीपेक्षा वरच्या इंटरप्टमधून कर्नलचं कुठलंही फंक्शन बोलावलं तर कर्नलच्या याद्या अर्धवट अवस्थेत बदलल्या जातात आणि आठवड्यातून एखाद्या वेळी असा वेडेपणा होतो. कॉन्फिग-असर्ट चालू करा, नव्या पोर्टमधे ही चूक तिथंच पकडली जाते. हार्डफॉल्टपण येत असला तर हँडलरमधे स्टॅकवरचे आठ वर्ड जपून ठेवा, आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर, सोबत सीएफएसआर रजिस्टर, पीसीवरून ओळ मिळते आणि सीएफएसआरवरून कारण.

पुराव्यासाठी खर्च करायची गरज नाही. कटरच्या टास्कनं काम सुरू करताना एक पिन वर करायची, संपल्यावर खाली, म्युटेक्स घेताना दुसरी पिन, आणि लॉजिक ॲनालायझर लावून ठेवायचा. उशीर झाला त्या क्षणी कुठली पिन वर राहिली ते चित्रच समोर येतं.

प्रश्न : आमच्या ऑफिसचा लिनक्स सर्व्हर उन्हाळ्यात अडकतो. स्क्रीनवर सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २२ सेकंद अडकला असं काहीतरी येतं. कधी टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त ब्लॉक असं येतं. एकच भानगड आहे का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : नाही, दोन वेगळ्या. सॉफ्ट लॉकअप म्हणजे एका कोअरवर कर्नलचाच कोड साधारण २० सेकंदांच्या वर शेड्युलरला संधी न देता चालू राहिला, संशय ड्रायव्हरवर, आणि सर्व्हर व्हर्च्युअल असला तर खालच्या मशीनवर लोड जास्त झाल्यानंसुद्धा येतो. १२० सेकंदांचा मेसेज म्हणजे टास्क कशाची तरी वाट बघत डी अवस्थेत झोपलाय, बहुतेक डिस्क किंवा नेटवर्कवरची फाइल सिस्टीम, तिथं आधी स्मार्टसीटीएलनं डिस्क तपासा. मेसेजच्या खाली जो कॉल ट्रेस येतो त्यातली वरची चारपाच नावं लिहून घ्या, सगळं त्यातच असतं. मशीन अडकल्यावर लॉग डिस्कवर पोहोचत नाही म्हणून नेटकन्सोल लावून दुसऱ्या मशीनवर पाठवा, किंवा केडंप (कर्नल पडताना मेमरी जपून ठेवणारी सोय) बसवा. परभणीच्या मे महिन्यात धुळीनं भरलेल्या पंख्याकडं पण बघा, सेन्सर्स कमांडनं तापमान कळतं. मेमरीची शंका असली तर एक रात्र मेमटेस्ट चालू ठेवा.

प्रश्न : एमआयटीचं एक्सव्ही६ (शिकायसाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) वापरून अभ्यास करायलोय. स्वतःची सिस्टीम कॉल टाकली, ती फाइल वाचते. चालवली की पॅनिक, शेड लॉक्स एवढंच येतं आणि थांबतं. (एक विद्यार्थी, बीड)

उत्तर : शेड फंक्शन (सीपीयू सोडून शेड्युलरकडं जाणारं) उघड, सुरुवातीलाच चार तपासण्या दिसतील. तिथं धरलेल्या स्पिनलॉकची (मिळेपर्यंत जागच्या जागी फिरत राहायच्या लॉकची) खोली मोजणारा नॉफ बरोब्बर १ पाहिजे, म्हणजे फक्त प्रोसेसचं स्वतःचं लॉक. तुझ्याकडं तो २ झालाय, तू तुझं स्पिनलॉक धरून ठेवलंस आणि फाइल वाचायला गेलास, डिस्कसाठी वाट बघावी लागली, आतून स्लीप बोलावलं गेलं. स्लीप फक्त त्याला दिलेलं लॉक सोडतं, तुझं तसंच राहतं. स्पिनलॉक धरून झोपू दिलं असतं तर दुसरा कोअर त्या लॉकवर फिरत बसला असता, म्हणून कर्नल तिथंच थांबतो. फाइल वाचायच्या आधी लॉक सोड, किंवा वाचेपर्यंत धरायचंच असलं तर स्लीपलॉक वापर. नेमकं कुठून आलं ते बघायला मेक क्यूएमू-जीडीबी चालवून पॅनिकवर ब्रेकपॉइंट लाव आणि बीटी दे, वरून खाली शेड, स्लीप, मग डिस्कचं फंक्शन, आणि त्याच्याही खाली तुझी सिस्टीम कॉल दिसेल. सीपीयूएस=१ देऊन चालवलंस तरी हे पॅनिक जाणार नाही, कारण ही कोअरांची टक्कर नाही.